आगोटीची बेगमी

कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वर, आंबोली अशा घाटमाथ्यावरच्या ठिकाणी जवळजवळ त्याच्या दुप्पट. उरलेले आठ महिने आभाळ बहुतेक कोरडेच असते. पक्के रस्ते, पूल आणि रेल्वे येण्यापूर्वी पावसाळा लागला की कोकणातल्या गावाचा बाहेरच्या मुलखाशी व्यवहार तुटे. समुद्र खवळला की गलबते बंद, घाट निसरडे झाले की बैलांचे तांडे बंद, आणि नदीला उतार मिळेनासा झाला की शेजारच्या गावचा बाजारही बंद. त्यामुळे मृग नक्षत्र लागण्याच्या आत चार महिन्यांचे धान्य, मीठमिरची, सरपण, गुरांची वैरण, बियाणे आणि डोक्यावरचे छप्पर यांची सोय लावणे हा कोकणी घराचा वर्षातला सर्वांत मोठा उद्योग असे. पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या या दिवसांना आगोट म्हणतात आणि त्या दिवसांत करून ठेवायच्या साठवणीला बेगमी. गोव्यात हीच साठवण पुरुमेंत या नावाने होते.

तयारीचा आरंभ पाडव्याला होई. त्या दिवशी जोशी पंचांग वाचून दाखवी आणि त्यातले पर्जन्याचे भाकीत गाव कान देऊन ऐके. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परसात वेलभाज्यांसाठी आळी केली जात. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला याच तिथीला शेतात घट मांडून दुसऱ्या पहाटे त्याभोवतीच्या धान्यांवरून पीकपाण्याचे अंदाज सांगण्याची प्रथा आजही आहे. सरकारी हवामान खाते 1875 साली स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज 4 जून 1886 रोजी प्रसिद्ध केला. पण शेतकऱ्याच्या वेळापत्रकावर त्याचा परिणाम होण्याचे फारसे कारण नव्हते. पाऊस कमी येणार की जास्त, हे कळले तरी कामे तीच होती आणि त्यांची मुदतही तीच: रोहिणी निघण्यापूर्वी नांगर-कुळव सज्ज आणि मृगापूर्वी घर सज्ज. अंदाज चुकला तर पीक जाई. बेगमी चुकली तर मात्र पाऊस चांगला होऊनही उपास घडे.

शेतातली तयारी सर्वांत आधी, फाल्गुन-चैत्रातच सुरू होई. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे तो तुकडा भाजून घेण्याची, म्हणजे राब करण्याची, पद्धत ठाणे, कुलाबा आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात फार जुनी आहे. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांचे टाळे, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर घालून वाऱ्याच्या उलट्या दिशेने आग लावतात. मातीच्या थरामुळे ज्वाळा न होता राब धुमसत जळतो. तणाचे बी जळून जाते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश मिळते. अशा राबावर टाकलेले बी जोमाने उगवते, आणि मग पावसाने जोर धरला की चिखलणी करून आवणीला हाताशी तयार रोप असते. काही ठिकाणी तर पावसाची वाटही न पाहता कोरड्या मातीतच धूळवाफ पेर करतात, म्हणजे पहिल्या सरीबरोबर बी रुजू लागते.

हा राब ब्रिटिश अमदानीत वादाचा विषय झाला. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि टाळे तोडण्यावर बंधने आली. जंगल खात्याच्या नजरेला ही झाडांची नासाडी दिसत होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने टाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, इतका तो सरळ हिशेब होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या आल्या की मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 सालचा आहे, आणि राबाचा प्रश्न त्याच्यापुढच्या मुख्य प्रश्नांपैकी होता. मार्चमध्ये लागणारे चार भारे टाळे जूनमधल्या शेतीचा पाया असतात, ही गोष्ट कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला पटवून द्यायला शेतकऱ्यांना बरीच वर्षे घालवावी लागली.

राब भाजून झाला की घराकडे लक्ष. गवताची घरे दरसाल शाकारावी लागत. नळीच्या कौलांची घरे असली तर कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा परतावी लागत. माकडे आणि वारा यांच्यामुळे हे काम टळत नसे. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौले समुद्रमार्गे कोकणात पोचली तसा शाकारणीचा व्याप कमी होत गेला, पण गरिबाच्या घरावर गवत पुढेही कित्येक वर्षे राहिले. पडवीच्या पावसाळी बाजूला माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांची झड बांधली जाई. मातीच्या भिंती त्यावाचून टिकल्याच नसत्या. लाकूडफाटा फोडून, रचून, कोरड्या जागी लावला जाई आणि गोवऱ्यांच्या रासा झाकल्या जात. पेंढ्याची उडवी उंच माचावर रचत, कारण खालून पाणी आणि वाळवी दोन्ही येतात. शेतात वाकून आवणी करताना पाठ झाकेल अशी पानांची इरली विणली जात. घाटावर त्यांची जागा घोंगडी घेई.

माजघरातला पसारा याहूनही मोठा होता आणि तो जवळजवळ सर्वस्वी बायकांचा होता. भात मुड्यांत भरले जाई. मुडा म्हणजे पेंढ्याचे जाड वेटोळे करून, दोरीने आवळून बांधलेला गोल गठ्ठा. त्यातले भात हवा खेळती राहून कुबट होत नाही. कणगी बांबूची विणून तिला शेणमातीने लिंपत. कडधान्याला राख किंवा तेल चोळून मडक्यांत भरत. बियाण्याचे मडके वेगळे असे, आणि घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ घालून तिचे गोळे करत. कोकमाची फळे फोडून साले उन्हात घालायची, मग फळाच्याच रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची आणि पुन्हा वाळवायची. अशी कित्येक पुटे चढली की आमसूल काळसर, मऊ आणि टिकाऊ होते. फणसपोळी, आंबापोळी, कैरीची लोणची, कुळथाचे पीठ, सुकी मिरची यांची भर पडे. किनाऱ्यावर बोंबील, जवळा, सोडे, बांगडे वाळवून ठेवले जात. मासळीवाचून जेवण नाही अशा घरांत आषाढ-श्रावण त्यांच्यावर निघे.

घाटावर हीच लगबग वाळवणांची. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात. मग तो वाटून, गाळून, चीक खाली बसू देतात. वरचे पाणी ओतून टाकून चीक मोठ्या पातेल्यात शिजवतात आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडतात. हे काम एकटीच्या हाताचे नव्हे. चीक घोटायला एक, सोऱ्या दाबायला एक, गच्चीवर किंवा अंगणात चटया राखायला एक, अशा शेजारणी एकमेकींच्या घरी पाळीपाळीने जात. पापड, सांडगे, शेवया, फेण्या यांचेही तसेच. एखाद्या दुपारी वळवाचे ढग आले की सगळी आळी धावे. ही कामे घरकाम म्हणून गणली गेली, म्हणून जमाखर्चाच्या जुन्या कागदांत त्यांचा मागमूस लागत नाही. गलबतांची आणि घोड्यांची नोंद मिळते, कुरडयांची मिळत नाही. तसे पाहता या सर्व कामांतले कौशल्य कमी प्रतीचे नव्हते. मीठ, ऊन आणि वेळ यांचे प्रमाण चुकले तर सप्टेंबरात मडक्यातून बुरशीच निघे.

घरात पिकत नाही ते बाजारातून आणावे लागे. घाटावरचे धान्य, गूळ, मिरची आणि कांदा खाली आणि कोकणातले मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर, अशी देवघेव आंबा, कुंभार्ली, फोंडा, नाणेघाट अशा वाटांनी चाले. लमाणांचे आणि इतरांचे बैलांचे तांडे ती करत. भोर घाटातून गाडीरस्ता 1830 साली खुला झाला तेव्हापासून मुंबईच्या बाजूची वाहतूक बदलली, पण दक्षिणेकडचे घाट बराच काळ बैलांच्याच पाठीवर चालले. पेण-उरणकडच्या मिठागरांना तर दुहेरी घाई असे. पहिली सर येण्यापूर्वी मीठ विकून टाकायचे किंवा राशी करून गवताने शाकारायच्या, नाहीतर मोसमभराची मेहनत पाण्यात विरघळून जाणार. गोव्यात या खरेदीला सणाचेच रूप आले. मडगावच्या चर्चचे मे-जूनच्या सुमारास येणारे फेस्त लोकांच्या तोंडी पुरुमेंताचे फेस्त झाले, आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तालाही तसाच बाजार भरतो. सुकी मासळी, मिरच्या, सोलां, चिंच, कांद्यांच्या माळा हा तिथला मुख्य माल. हिंदू आणि ख्रिस्ती घरांची पावसाळ्याची यादी जवळजवळ एकच असल्याने गिऱ्हाइकांत धर्माचा भेद नव्हता.

समुद्रावर आगोट कडक पाळली जाई. वैशाखाच्या अखेरीस मचवे, पडाव, गलबते खाडीत आणून किनाऱ्यावर ओढत, टेकू देऊन उभी करत आणि झापांनी शाकारत. शिडे, दोर, जाळी घरात जात. पावसाळ्यात जाळी दुरुस्त होत आणि नवी विणली जात. श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच होड्या पुन्हा पाण्यात उतरत. याच काळात बरीचशी मासळी अंडी घालते. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी अमलात येते आणि अलीकडे ती 1 जून ते 31 जुलै अशी असते. कोळीवाड्यांनी वाऱ्याच्या भीतीने जे पाळले तेच आता माशांच्या पैदाशीसाठी कायद्याने पाळायचे आहे. यंत्राच्या बोटींना वाऱ्याची तितकी भीती उरली नाही, म्हणून कायदा लागला.

आगोटीचे नियम घरगुती राहिले नाहीत, ते राज्यकारभारातही शिरले. मराठ्यांच्या लष्कराचे वर्ष पावसाळ्याभोवती बांधलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन, आठ महिने मुलूखगिरी आणि वैशाखात परत छावणी, हा क्रम कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत नोंदवला आहे. छावणीच्या जागी घोड्यांसाठी दाणा-वैरण आणि औषधे आधीच साठवून ठेवावीत, पागा गवताने शाकारून सज्ज असाव्यात, अशी व्यवस्था त्यात आहे. फौज आल्यावर जमवाजमव करायची नाही, फौज येण्यापूर्वी सर्व तयार असायचे.

या व्यवस्थेचा सर्वांत बोलका कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र. त्या भागातून पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत जमा करून छावणीच्या स्वाधीन केले होते. पत्रात भीती अशी व्यक्त केली आहे की आता साठा आहे म्हणून शिपाई हवा तसा खर्च करतील आणि ऐन पावसाळ्यात तो संपेल. मग घोडी उपाशी मरतील आणि शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी ओरबाडू लागतील. तसे झाले की रयतेला मोगल परवडले असे वाटेल. पुढे पत्र आणखी बारकाव्यात शिरते. रात्री दिवे जळत ठेवले तर उंदीर पेटती वात पळवून नेतील, गवताला आग लागेल आणि सगळी पागा जळेल, म्हणून दिवे विझवून झोपावे. राज्याभिषेकासारख्या मोठ्या घटनेच्या सुमाराला राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो, याचे नवल अभ्यासकांना वाटत आले आहे. पण आगोटीच्या व्यवहारात ते नवल नाही. चार महिन्यांचा साठा एकदा जळला की दुसरा आणायला वाट नसते, आणि भरपाई शेवटी गावाकडूनच होते. साठा करणे जितके महत्त्वाचे तितकेच तो पुरवून वापरणे, ही या पत्राची मध्यवर्ती गोष्ट आहे.

किल्ल्यांना हाच विचार अधिक काटेकोरपणे लागू होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या राजनीतीच्या ग्रंथात, गड बांधण्याआधी पाणी पाहण्यास सांगितले आहे. पाणी नसेल आणि जागा सोडणे शक्य नसेल तर खडक फोडून टाकी-तळी करावीत. एक झरा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटतात. राखीव पाणी निराळे ठेवून ते एरवी खर्चू देऊ नये, हेही त्यात आहे. आरमाराबद्दलही तसेच. दर्या खवळण्याच्या काही दिवस आधीच जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला असलेल्या खाडीत छावणीला न्यावीत आणि छावणीची जागा दरवर्षी बदलावी, म्हणजे एकाच बंदरावर भार पडत नाही. जहाजाला लाकूड लागते म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वाढायला अनेक वर्षे लागतात.

तयारी मोडता येते ती समोरच्याने त्याहून चांगली तयारी केल्याने. 1660 च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा गडावर शिधा होता आणि पावसाळा लागला की वेढा सैल पडेल हा हिशेब अनुभवाला धरून होता. जौहरने मात्र आपल्या सैन्यासाठी छपऱ्या उभारून पावसातही वेढा तसाच चालू ठेवला. शेवटी जुलैच्या मध्याला, भर पावसात, महाराजांना विशाळगडाकडे निसटावे लागले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेला लढा सर्वांना माहीत आहे. ती वेळ का आली, याचे उत्तर मात्र जौहरच्या त्या गवती छपऱ्यांत आहे.

सह्याद्री ओलांडून देशावर आले की भीतीचे स्वरूप बदलते. तिथे पाऊस वाट अडवत नाही, पाऊसच दगा देतो. म्हणून देशावरची साठवण चार महिन्यांसाठी नसून दोन-चार वर्षांसाठी असे आणि तिचे मुख्य साधन होते पेव. पाणी न मुरणारी, घट्ट पांढरीची जागा पाहून जमिनीत अरुंद तोंडाचा आणि आत रुंदावत जाणारा खोल खड्डा खणत. तो आतून जाळ करून कोरडा करत, तळाला आणि कडेला कडबा लावत, ज्वारी भरत, वर पुन्हा कडबा घालून मातीने तोंड बंद करत. आतले धान्य आणि त्यातले किडे श्वसन करतात, प्राणवायू संपत जातो, कर्बवायू भरतो आणि कीड मरते. औषधावाचून धान्य वर्षानुवर्षे टिकते ते यामुळे. याच कारणाने पेव जीवघेणेही असते. तोंड उघडून बराच वेळ मोकळे ठेवल्यावाचून आणि दिवा आत सोडून तो विझत नाही हे पाहिल्यावाचून जाणता माणूस खाली उतरत नसे. पेवातल्या ज्वारीला एक उग्र वास येतो, पण दुष्काळात त्या वासाची तक्रार कोणी करत नसे. ज्यांना पेव परवडत नसे ते घरातल्या भिंतीलगतच्या बळदात किंवा कणगीत भागवत.

सांगलीजवळ कृष्णेच्या काठी हरिपूर भागात हीच विद्या हळदीसाठी वापरली गेली. तिथली माती पेवांना इतकी अनुकूल होती की बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची हळद तिथे ठेवायला येई आणि भाव येईपर्यंत पेवात राही. सांगलीच्या हळद बाजाराच्या वाढीत या पेवांचा मोठा वाटा आहे. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली आणि हळद गोदामांत व शीतगृहांत गेली.

देशावरच्या गावात आगोटीआधीची मोठी धावपळ सुताराच्या आणि लोहाराच्या दारी असे. नांगराचे फाळ शेवटून घेणे, कुळवाच्या पासा बसवणे, तिफणीचे फण आणि चाडे नीट करणे, औतांची जोखडे, चाकांच्या धावा, आणि चांभाराकडून मोटा व वाद्या. या कामांची रोख मजुरी त्या वेळी दिली जात नसे. बलुतेदाराला त्याचा वाटा खळ्यावर, पीक आल्यावर मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचे, त्यातल्या कुरबुरींसकट, तपशीलवार वर्णन आहे. म्हणजे शेतकऱ्याची जूनमधली तयारी लोहार-सुताराच्या सहा महिन्यांच्या उधारीवर उभी असे. पीक बुडाले की लोहाराचेही बुडे.

बेगमी हा शहाणपणाचा गुण म्हणून सांगितला जातो, पण तिला आधी शिल्लक लागते. ज्याच्या घरी माघातच कणगी रिकामी झाली त्याने कसली साठवण करायची? असा शेतकरी आगोटीच्या तोंडाला सावकाराकडे जाई आणि बियाणे व खावटीचे धान्य वाढीदिढीने घेई. सव्वापट किंवा दीडपट धान्य सुगीत परत करायचे, म्हणजे पाच-सहा महिन्यांचे व्याज शेकडा 25 ते 50. पुढच्या आगोटीला पुन्हा कणगी रिकामी. कोकणात खोताचा वाटा काढल्यावर कुळाची गत निराळी नव्हती. या कर्जाच्या गाठी देशावर 1875 साली सुटल्या त्या हिंसेने. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जरोख्यांची होळी केली आणि दंगे पुणे-अहमदनगर भागात पसरले. महिना लक्षात घेण्याजोगा आहे. मे म्हणजे बियाण्याची उधारी मागण्याचा काळ. सरकारने पुढे 1879 साली दख्खन शेतकरी कायदा केला, पण त्याआधीच 1876 ते 78 चा दुष्काळ येऊन गेला होता.

त्या दुष्काळात जुन्या साठवणी पूर्वीइतक्या भरलेल्या नव्हत्या. याची कारणे अनेक. सारा रोखीत भरायचा असल्याने धान्य सुगीतच विकावे लागे. कापसाखाली गेलेल्या जमिनीत ज्वारी पिकत नसे. 1863 साली भोर घाटातून रेल्वे वर चढल्यापासून देशावरच्या धान्याला मुंबईची पेठ खुली झाली होती. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणता येते हे खरे, पण ते विकत घ्यायला हातात पैसा हवा. पेवातल्या ज्वारीला तो लागत नव्हता. गावाजवळचा साठा आणि दूरचा बाजार यांत कोणता आधार खरा, हा प्रश्न त्या काळापासून धान्यधोरणात सतत येत राहिला.

कोकणात याच काळात एक निराळी घडी बसली. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेले चाकरमानी मे महिन्यात गावी येत. घर शाकारणे, राब-नांगरणी, लग्नकार्ये आणि बेगमीची खरेदी उरकून ते परतत. मुंबईची कमाई मनिऑर्डरीने गावच्या आगोटीत जाई. गिरणीमालकांना उन्हाळ्यातली ही गैरहजेरी बेशिस्त वाटे. वास्तविक मजुरी अपुरी, म्हाताऱ्या आईबापांचा भार गावच्या भातावर आणि नोकरीचा भरवसा नाही, अशा स्थितीत गावचे घर पावसाआधी नीट करून ठेवणे हाच त्यांचा विमा होता.

दुसऱ्या महायुद्धात चित्र एकदम पालटले. धान्याची टंचाई झाली आणि 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. घरात ठरलेल्यापेक्षा जास्त धान्य असणे हा गुन्हा ठरू लागला. पिढ्यान्‌पिढ्या जी बेगमी म्हणून वाखाणली जाई तिची सीमा साठेबाजीला येऊन भिडली. स्वातंत्र्यानंतर 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने व्यापाऱ्यांच्या साठ्यांवर नियंत्रण आले. घरातला रेशनचा तांदूळ पंधरवड्याच्या मापाने येऊ लागल्यावर शहरातली कणगी निरुपयोगीच झाली. वाळवणे मात्र टिकली, कारण त्यांच्यावर रेशन नव्हते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडची श्री महिला गृह उद्योग ही सहकारी संस्था उभी राहिली. त्या बायका गुजराती होत्या, पण जमून पापड लाटण्याची रीत मराठी आळीलाही तितकीच ओळखीची होती. तिला पहिल्यांदा रोजची मजुरी मिळाली.

1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. महामार्गाचे पूल झाले, गावोगाव दुकाने आली आणि चार महिन्यांचा वेढा संपला. मुडे बांधता येणारी माणसे कमी झाली. तरी एप्रिल-मेमध्ये मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला कांडून घेणाऱ्यांची रांग लागते, आणि कोकणात आठवडा बाजारांत सुक्या मासळीचे ढीग याच दिवसांत सर्वांत मोठे असतात. वर्षाचा मसाला एकदम करण्यामागे आता रस्ता बंद होण्याची भीती नाही. मिरची याच हंगामात ताजी आणि स्वस्त असते, ऊन कडक असते, आणि घराची चव घरच्याच प्रमाणात राहते.

जिथे पावसाळ्यात वाट अजून बंद होते तिथे मात्र बेगमी ही सरकारी जबाबदारी झाली आहे. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांसाठी 1978 पासून खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. सावकाराच्या वाढीदिढीला पर्याय हा त्याचा उद्देश होता. मेळघाटातले बालमृत्यू गाजल्यावर 1995 साली नवसंजीवन योजना आली. तिच्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाळ्यापूर्वीच चार महिन्यांचे रेशनचे धान्य पोचवण्याची तरतूद आहे. नंदुरबारमधले सातपुड्याचे पाडे, मेळघाट आणि गडचिरोलीचा दक्षिण भाग हे या यादीतले मुख्य. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. त्यामुळे तिथल्या दुकानांत तांदूळ आणि आरोग्य केंद्रांत औषधे मृगाच्या आत पोचवावी लागतात.